ट्रान्स माउंटन पाइपलाइन: खर्च चौपट, टोल दुप्पट. हा हिशेब नियामकाने कसा मान्य केला?

अनघा_वि (प्रश्न)

कॅनडातल्या ट्रान्स माउंटन विस्तारावर टिपण करतेय. खालचे सगळे डॉलर कॅनेडियन.

जुनी लाइन १९५३ ची. अल्बर्टातल्या एडमंटनपासून ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या बर्नबीपर्यंत, साधारण १,१५० किमी, रोजची क्षमता ३ लाख बॅरल. तिच्या जोडीला दुसरी लाइन टाकून क्षमता ८ लाख ९० हजार बॅरलवर नेली आणि १ मे २०२४ ला ती सुरू झाली. २०१७ मध्ये खर्चाचा अंदाज ७४० कोटी डॉलर होता, २०२३ मध्ये ३,०९० कोटी, आणि शेवटी आकडा ३,४०० कोटींच्या घरात गेला. पण टोल, म्हणजे तेल वाहून नेण्याचं शुल्क, तितका वाढला नाही. कंपनीने २०२३ मध्ये नियामकापुढे ठेवलेला त्याचा स्थिर भाग पाहिला, तर एडमंटन ते बर्नबीतला वेस्टरिज धक्का हलक्या तेलासाठी बॅरलमागे १०.८८ डॉलर. २०१७ च्या अंदाजात तो ५.७६ होता. दुपटीलाही थोडा कमीच.

टोल खर्चावरून ठरतो असं सगळीकडे वाचलं. मग उरलेला खर्च गेला कुठे? प्रकल्पाला मंजुरी देताना नियामक टोलही बघतो का, की या दोन वेगळ्या फायली आहेत? २०१८ मध्ये न्यायालयाने मंजुरी रद्द केली तेव्हा टोलच्या निर्णयाचं काय झालं? आणि आपल्याकडे पीएनजीआरबी, म्हणजे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ, हेच काम याच पद्धतीने करतं का?

पाइपगणित

अनघाताई, फायली वेगळ्या आहेत, आणि या प्रकरणात टोलची फाइल आधी निकाली निघाली. तिथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी नेहमीची पद्धत बघू, म्हणजे इथे काय वेगळं झालं ते कळेल. कायद्यात टोलबद्दल मुख्य अपेक्षा दोनच: टोल न्याय्य आणि वाजवी असावा, आणि सारख्या परिस्थितीत सारख्या तेलाला सगळ्यांना तोच दर मिळावा. तो कसा काढायचा हे कायदा सांगत नाही, ते नियामकावर सोडलं आहे. रुळलेली पद्धत म्हणजे सेवाखर्च. समजा एक लाइन आहे, तिची दर-आधाररक्कम, म्हणजे घसारा वजा जाता वापरात असलेली मालमत्ता, १०० कोटी डॉलर.

घसारा ४० वर्षांचा धरला तर वर्षाला २.५ कोटी. भांडवलात ५५ टक्के कर्ज, व्याज ५ टक्के, म्हणजे २.७५ कोटी. उरलेलं ४५ टक्के भागभांडवल, त्यावर ९ टक्के परतावा, म्हणजे ४.०५ कोटी. त्या परताव्यावरचा आयकर साधारण १.५ कोटी. वीज, पगार, देखभाल, तपासणी मिळून ४ कोटी. एकूण १४.८ कोटी. आता रोज १ लाख बॅरल तेल जाणार असं गृहीत धरलं तर वर्षाला ३.६५ कोटी बॅरल, आणि टोल पडतो ४.०५ डॉलर. तीच लाइन रोज ७० हजार बॅरलवर चालली तर टोल ५.७९ होतो. खर्चाचा एक पैसाही न वाढता!

म्हणून टोलच्या सुनावणीत खरी झुंज चार जागी होते: दर-आधाररकमेत काय धरायचं, भागभांडवलाचा हिस्सा किती मानायचा, परतावा किती द्यायचा, आणि किती तेल वाहील असं धरायचं. परताव्याच्या वादाला कंटाळून तेव्हाच्या नियामकाने, नॅशनल एनर्जी बोर्डाने, १९९५ मध्ये अनेक पाइपलाइनांसाठी एकच सूत्र लावलं. त्या वर्षीचा परतावा १२.२५ टक्के, आणि पुढे सरकारी दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा दर जितका हलेल त्याच्या ७५ टक्के हा हलेल. रोख्यांचे दर घसरत गेले तसा परतावाही घसरला, कंपन्यांनी तक्रार लावून धरली आणि २००९ मध्ये बोर्डाने सूत्र सोडून दिलं. बहुतेक टोल आता वाटाघाटीतून ठरतात. कंपनी आणि शिपर, म्हणजे तेल पाठवणारे, आपसात बसतात, तडजोडीचा मसुदा आणतात आणि नियामक तो तपासतो.

ट्रान्स माउंटनने विस्तारासाठी सेवाखर्चाची वाट धरलीच नाही. कंपनीने सगळ्यांसाठी खुली नोंदणी ठेवली आणि १५ किंवा २० वर्षांचे करार घेतले. रोज ७,०७,५०० बॅरल करारात, म्हणजे क्षमतेच्या सुमारे ८० टक्के. उरलेले २० टक्के दर महिन्याला मागणीप्रमाणे कोणालाही खुले. करार घेणाऱ्याने तेल पाठवलं नाही तरी स्थिर टोल भरायचाच. या करारांतलं टोलसूत्र बोर्डाने मे २०१३ मध्ये, आरएच-००१-२०१२ या निर्णयाने मान्य केलं. पाइपलाइन बांधण्याचा अर्ज दाखल झाला डिसेंबर २०१३ मध्ये. हा क्रम मुद्दाम असतो. टोलसूत्र पक्कं नसेल तर शिपर २० वर्षांसाठी सही करत नाही, आणि सह्या नसतील तर पुढच्या सुनावणीत पाइपलाइनची गरज दाखवता येत नाही.

आता चौपट आणि दुप्पट यांतलं अंतर. सूत्रात बांधकामखर्चाचे दोन कप्पे केले होते. पहिला मर्यादित: करारातली रक्कम ओलांडली तर भुर्दंड कंपनीचा. दुसरा अमर्यादित: ज्या बाबींचा अंदाज कंपनीच्या हातात नाही असं दोन्ही बाजूंनी मानलं, जसं पोलादी पाइपची किंमत, मार्गातले काही ठरावीक अवघड टप्पे, आदिवासी राष्ट्रांशी आणि वाटेतल्या गावांशी सल्लामसलतीचा खर्च. या कप्प्यात दर १० कोटी डॉलर वाढले की स्थिर टोल ७ सेंटने वाढतो.

उलटा हिशेब करून बघा. १०.८८ वजा ५.७६ म्हणजे ५.१२ डॉलर. भागिले ०.०७ म्हणजे ७३. गुणिले १० कोटी म्हणजे ७३० कोटी डॉलर. एकूण खर्च ७४० कोटींवरून ३,०९० कोटींवर गेला, म्हणजे वाढ २,३५० कोटींची. त्यातले ढोबळमानाने ७३० कोटी शिपरांच्या टोलमध्ये उतरले, तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. बाकीचे मालकाच्या माथी. आणि मालक २०१८ पासून कॅनडाचं केंद्र सरकार आहे, ४५० कोटी डॉलरला त्यांनी ही लाइन किंडर मॉर्गनकडून विकत घेतली. संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने २०२२ मध्येच या गुंतवणुकीत निव्वळ तोटा होईल असा अंदाज दिला होता, तोही खर्चाचा आकडा २,१४० कोटींवर असताना.

टोल कमी पडला यात नियामकाची ढिलाई नाही, हे मी ठामपणे म्हणेन. २०१३ मध्ये जोखीम कोणी घ्यायची ते कंपनीने स्वतः सही करून ठरवलं होतं. दहा वर्षांनी आकडे फिरले म्हणून नियामकाने करार फिरवला असता, तर पुढच्या कोणत्याच प्रकल्पात शिपरने सही केली नसती. शिपरांचा आक्षेप मात्र उलट्या बाजूचा आहे. त्यांचं म्हणणं, अमर्यादित कप्प्यातला खर्चही अवाजवी होता, तो आमच्यावर का टाकता? त्या वादापायी नोव्हेंबर २०२३ मध्ये टोल अंतरिम म्हणून मंजूर झाला.

सुनावणीवाचक

टोलचं वर नीट आलंय, मी बांधकामाच्या फाइलचं सांगतो.

पहिली खूण: निर्णयाच्या क्रमांकातली अक्षरं बघा. ओएच म्हणजे तेलाच्या पाइपलाइनची सुनावणी, जीएच गॅसची, आरएच टोलची, एमएच इतर. सगळी कागदपत्रं रेगडॉक्स नावाच्या सार्वजनिक संग्रहात आहेत. अंतिम निर्णय वाचण्याआधी माहिती-विचारणांच्या फेऱ्या वाचा. बोर्डाने कंपनीला लेखी प्रश्न विचारलेले असतात, ठरलेल्या तारखेला लेखी उत्तर द्यावं लागतं. कंपनीचा अर्ज कुठे कच्चा होता ते तिथेच दिसतं.

नॅशनल एनर्जी बोर्ड १९५९ चं. २८ ऑगस्ट २०१९ ला त्याच्या जागी कॅनडा एनर्जी रेग्युलेटर आलं, मुख्यालय कॅलगरीतच. निर्णय देणारा भाग म्हणजे त्यातला आयोग. ४० किमीपर्यंतच्या लाइनला सुटसुटीत आदेश पुरतो. त्याहून लांब लाइनला प्रमाणपत्र लागतं, आणि ते आयोग एकटा देऊ शकत नाही. आयोग ४५० दिवसांच्या आत अहवाल देतो, मंजुरीची शिफारस करो वा न करो, दिली तर कोणत्या अटींवर ते लिहितो, आणि शेवटचा होकार-नकार मंत्रिमंडळाचा. ७५ किमी किंवा जास्त लांबीसाठी नवा जमीनपट्टा लागत असेल तर पर्यावरण-परिणामांच्या स्वतंत्र कायद्याखाली संयुक्त पॅनेल बसतं.

आयोग बघतो काय? तेलाचा पुरवठा आहे का, पलीकडे बाजार आहे का, लाइन पुरेशी वापरली जाईल का, कंपनीची आर्थिक ताकद आहे का. रोज अडीच लाख बॅरल किंवा त्याहून मोठ्या तेलवाहिनीला गळतीसाठी, चूक असो वा नसो, १०० कोटी डॉलरपर्यंतची जबाबदारी कायद्यानेच आहे. मग सुरक्षा, पर्यावरण, आरोग्य, हवामानबदलाबाबत देशाने दिलेले शब्द, आणि आदिवासी राष्ट्रांच्या हक्कांवर होणारा परिणाम. पुरवठा आणि बाजार यांचा पुरावा म्हणून कंपनी काय ठेवते? तेच २० वर्षांचे करार. म्हणजे फायली वेगळ्या असल्या तरी टोलच्या फाइलमधला करार इथे पुरावा म्हणून येतो.

ट्रान्स माउंटनला बोर्डाने १९ मे २०१६ रोजी १५७ अटींसह होकाराची शिफारस केली. मंत्रिमंडळाने त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला मंजुरी दिली. ३० ऑगस्ट २०१८ ला फेडरल अपील न्यायालयाने ती रद्द केली. कारणं दोन. बोर्डाने प्रकल्पाची व्याख्या करताना समुद्रातली टँकर वाहतूक बाहेर ठेवली होती, जरी वेस्टरिज धक्क्यावर महिन्याला पाचाच्या जागी ३४ टँकर येणार होते. आणि अहवालानंतरच्या शेवटच्या टप्प्यात सरकारची माणसं आदिवासी राष्ट्रांकडे गेली ती फक्त म्हणणं टिपून घ्यायला. त्या म्हणण्यावर चर्चा करायचा किंवा अटी बदलायचा अधिकार घेऊन गेली नाहीत. न्यायालयाने याला सल्लामसलत मानलं नाही. बोर्डाने समुद्री वाहतुकीवर फेरसुनावणी घेऊन २२ फेब्रुवारी २०१९ ला पुन्हा शिफारस केली, १५६ अटी आणि सरकारसाठी १६ सूचना. १८ जून २०१९ ला दुसऱ्यांदा मंजुरी.

रद्द झाली ती मंत्रिमंडळाची मंजुरी. टोलसूत्राच्या २०१३ च्या निर्णयाला त्यात हात लागला नाही. पण एक वर्षाच्या उशिरानेही खर्च फुगतोच, आणि फुगलेला खर्च कोणत्या कप्प्यात मोडतो हा प्रश्न मग टोलच्या फाइलमध्ये येऊन बसतो.

प्रमाणपत्र मिळालं की काम सुरू, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यानंतर दोन दारं आहेत.

एक, तपशीलवार मार्ग. प्रमाणपत्राने साधारण पट्टा ठरतो. नेमकी रेषा कोणाच्या शेतातून, ओढ्याच्या कोणत्या बाजूने, हे कंपनीला नकाशे आणि जमीनधारकांच्या यादीसह दाखल करावं लागतं. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत जमीनधारक लेखी हरकत घेऊ शकतो आणि त्या तुकड्यापुरती वेगळी सुनावणी होते. तिथे ‘पाइपलाइनच नको’ हा मुद्दा चालत नाही. ‘माझ्या विहिरीपासून लांब, पलीकडच्या बांधाने न्या, आणि हा घ्या पर्यायी नकाशा’ हा चालतो. हरकती फेटाळल्या जातात त्यातल्या बऱ्याच याच कारणाने: पर्यायी मार्ग न दाखवता निव्वळ विरोध लिहिलेला असतो.

दोन, सुरू करण्याची परवानगी. पाण्याच्या दाबाची चाचणी, साधारणपणे कमाल चालवण्याच्या दाबाच्या सव्वापट, तिचे आलेख, वेल्डिंगच्या तपासण्यांच्या नोंदी, अटी पूर्ण झाल्याचे पुरावे. हे सगळं पटल्याशिवाय तेल सोडता येत नाही. एन्ब्रिज या पाइपलाइन कंपनीच्या लाइन ९ ला प्रवाहाची दिशा उलटवायला ६ मार्च २०१४ रोजी मंजुरी मिळाली, पण ऑक्टोबर २०१४ मध्ये बोर्डाने सुरू करायची परवानगी नाकारली. मोठ्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर बंद करायच्या झडपा कुठे आणि का ठेवल्या याचा खुलासा बोर्डाला पटला नव्हता. पुढे निवडक तुकड्यांची पाण्याच्या दाबाने चाचणी करायला लावली आणि परवानगी दिली ३० सप्टेंबर २०१५ ला. मंजुरीनंतर दीड वर्षाहून जास्त.

ट्रान्स माउंटनच्या शेवटच्या महिन्यांत होप आणि चिलिवॅक यांच्यामध्ये २.३ किमीच्या तुकड्यात खडक इतका कठीण निघाला की आडवं छिद्र पाडून ३६ इंची पाइप ओढणं जमेना. कंपनीने तिथे ३० इंची पाइप घालायची परवानगी मागितली. ५ डिसेंबर २०२३ ला आयोगाने नाही म्हटलं. कंपनीने जास्तीची तांत्रिक माहिती देऊन पुन्हा अर्ज केला आणि १२ जानेवारी २०२४ ला होकार मिळाला. हजार किलोमीटरच्या प्रकल्पाचं वेळापत्रक त्या २.३ किमीवर अडकलं होतं. व्यास, भिंतीची जाडी किंवा पोलादाची प्रत, यातलं काही बदलायचं तर फरकाचा अर्ज लागतो, आणि तो अर्ज पूर्ण माहितीशिवाय केला तर वेळ दुप्पट जातो.

अनघा_वि

दोघांचे आभार, बराच गुंता सुटला. मग पुढचा प्रश्न. ट्रान्स माउंटनला ८० टक्के क्षमता करारात द्यायची मुभा मिळाली. पण एन्ब्रिजने मेनलाइन या आपल्या जुन्या, मोठ्या तेलवाहिनीवर तेच मागितलं तर नोव्हेंबर २०२१ मध्ये नकार! दोन्हीकडे कायदा एकच, शिपरही बरेचसे तेच. मग फरक कशात?

हार्डिस्टी

फरक लाइन नवी की जुनी, आणि बाजारात तिचं वजन किती, यात आहे.

कॅनडातल्या तेलवाहिन्यांवर सामायिक वाहकाचं बंधन आहे: जो कोणी तेल देऊ करेल त्याचं, विनाविलंब, घ्यायचं. पूर्ण क्षमता करारात बांधली तर हे बंधन मोडतं. म्हणून नव्या लाइनींसाठी बोर्डाने अशी वाट काढली की खुल्या नोंदणीत सगळ्यांना समान संधी द्या, आणि किमान १० टक्के क्षमता करार नसलेल्यांसाठी मोकळी ठेवा. नव्या लाइनला हे परवडतं, कारण करार नसतील तर ती उभीच राहत नाही आणि कोणाचंच तेल जात नाही.

मेनलाइन १९५० पासूनची. पश्चिम कॅनडातून बाहेर जाणाऱ्या पाइपलाइन-क्षमतेपैकी सुमारे ७० टक्के तिच्याकडे होती, आणि ती सगळी दर महिन्याच्या नोंदणीवर चालत आलेली. एन्ब्रिजने डिसेंबर २०१९ मध्ये ९० टक्के करारात, १० टक्के खुली असा अर्ज केला. आयोगाचा २६ नोव्हेंबर २०२१ चा निर्णय वाचा, आरएच-००१-२०२०. गाभा असा की इतक्या मोठ्या क्षमतेचा दरवाजा एका झटक्यात बदलला तर ज्यांना दीर्घ करार झेपत नाहीत ते बाहेर पडतील, आणि मोठी रिफायनरी असलेल्यांना झुकतं माप मिळेल. एन्ब्रिजच्या वजनामुळे शिपर दबावाखाली सह्या करतील ही भीतीही रास्त मानली गेली. आयोग सरसकट करारांच्या विरोधात गेला नाही, इतक्या प्रमाणातल्या करारांना त्याने नकार दिला.

दर महिन्याच्या नोंदणीची पद्धत आदर्श आहे असंही समजू नका. महिन्याच्या नोंदणीत समजा १२० मागितले आणि क्षमता १०० आहे, तर प्रत्येकाची मागणी सारख्या प्रमाणात, १६.७ टक्क्यांनी, कापली जाते. पुढच्या महिन्यात हुशार शिपर आधीच २० टक्के फुगवून मागतो. मग सगळेच फुगवतात, आणि कपात आणखी वाढते. या हवेतल्या बॅरलांना आळा घालायला तेल खरंच हातात आहे याचा पुरावा मागावा लागतो, ठरावीक टक्क्यांखाली पाठवलं तर दंड लावावा लागतो, आणि कोणता निकष लावायचा यावर शिपरांचं एकमत होत नाही, कारण उत्पादकाला सोयीचा निकष रिफायनरीला गैरसोयीचा असतो. २०१८ च्या शरद ऋतूत क्षमता इतकी अपुरी पडली की अल्बर्टाचं जड तेल अमेरिकी तेलापेक्षा बॅरलमागे ४० अमेरिकी डॉलरहून जास्त स्वस्त विकलं गेलं, आणि जानेवारी २०१९ पासून प्रांत सरकारने उत्पादनावरच रोज ३ लाख २५ हजार बॅरलची कपात लावली. टोल चार-पाच डॉलरचा आणि तोटा चाळीसचा. तेव्हा टोलच्या वादात दरापेक्षा जागा कोणाला मिळते हे जास्त महत्त्वाचं, असं माझं मत आहे.

नकारानंतर एन्ब्रिज आणि शिपरांनी वाटाघाटीतून नवी तडजोड केली. आयोगाने ती मार्च २०२४ मध्ये मान्य केली, २०२८ च्या अखेरपर्यंत. त्यात एन्ब्रिजचा परतावा ५० टक्के भागभांडवल गृहीत धरून ११ ते १४.५ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवला आहे. पट्ट्याबाहेर गेला तर नफा किंवा तूट शिपरांबरोबर वाटून घ्यायची. ट्रान्स माउंटनच्या सूत्रात बांधकामखर्चाची जोखीम कप्प्यांत वाटली होती, इथे तेल कमी-जास्त होण्याची जोखीम पट्ट्यात वाटली आहे.

पानेवाडी_डेपो

भारताचं मी सांगतो.

पीएनजीआरबी २००६ च्या कायद्याने आलं. पहिला मोठा फरक: त्या कायद्यातल्या सामायिक वाहकाच्या व्याख्येतून कच्च्या तेलाच्या पाइपलाइनी स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. सलाया-मथुरा किंवा मुंद्रा-पानिपत या लाइनी रिफायनरीचा भाग असल्यासारख्या चालतात, त्यामुळे तिथे शिपर विरुद्ध कंपनी अशी सुनावणी उभीच राहत नाही. ट्रान्स माउंटनला आपल्याकडे थेट जोड नाही.

तुलना करायची तर पेट्रोल-डिझेल वाहणाऱ्या उत्पादन-पाइपलाइनींशी करा. आपल्याकडची उदाहरणं म्हणजे मुंबई-मनमाड-बिजवासन किंवा मुंबई-पुणे-सोलापूर. २०१० च्या मूळ नियमांत बोलीशिवाय अधिकृत झालेल्या अशा लाइनींचं वहनशुल्क खर्चावरून काढतच नव्हते. तेवढ्याच अंतराच्या रेल्वेभाड्याच्या ७५ टक्के, हा मापदंड. एलपीजीच्या लाइनीसाठी रेल्वेभाड्याच्या १०० टक्के. बोली लावून दिलेल्या लाइनीत ज्याची बोली स्वस्त त्याचा दर लागू.

याचा फायदा म्हणजे सुनावणी छोटी. दर-आधाररक्कम, परतावा, घसारा यावर वर्षानुवर्षं भांडण नाही, आणि बांधकाम महाग पडलं तर आपोआप कंपनीचाच तोटा. तोटा असा की रेल्वेने मालभाडं वाढवलं की पाइपलाइनचं शुल्कही वाढायचं, जरी तिच्या खर्चात काहीच फरक पडलेला नसला. १५ वर्षं जुनी, बहुतेक घसारा संपलेली लाइन सेवाखर्च पद्धतीत स्वस्त होत जाते, ती त्या मापदंडात महाग होत जाऊ शकायची. मला हा दोष गंभीर वाटतो, कारण ते शुल्क शेवटी डेपोच्या दरात आणि तिथून पंपावर उतरतं.

जमिनीची बाजूही वेगळी. कॅनडातली मार्ग-सुनावणी वर आलीच आहे. आपल्याकडे ते काम पीएनजीआरबी करत नाही. १९६२ चा पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायदा लागतो. त्यात जमीन संपादन होत नाही, फक्त वापराचा हक्क घेतला जातो. कलम ३(१) ची अधिसूचना निघाली की २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घ्यायची. हीच मुदत बहुतेक शेतकऱ्यांच्या हातून निसटते, कारण अधिसूचना गट नंबरांची यादी म्हणून छापलेली असते आणि गावात कोणी ती वाचत नाही. पुढे कलम ६ ची घोषणा झाली की हक्क कंपनीकडे जातो. मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के, शिवाय पिकाचं, झाडांचं नुकसान वेगळं. मालकी शेतकऱ्याचीच राहते, पण त्या पट्ट्यात घर, विहीर, तळं, झाड काही करता येत नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद चढते. जमीन विकत घेताना ती नोंद बघितली नाही तर मधोमध पट्टा गेलेला तुकडा पदरात पडतो.

अनघा_वि

शेवटचं विचारते. अंतरिम टोल म्हणजे नेमकं काय? शिपर वर्षभर १० डॉलरच्या वर भरत राहिले आणि अंतिम टोल कमी ठरला, तर?

पाइपगणित

तर फरक परत. अंतरिम आदेशाचा अर्थच तो. नियामकाला मागील तारखेपासून टोल बदलता येत नाही, हे पक्कं तत्त्व आहे. अपवाद तेवढा अंतरिमचा. ‘अंतरिम’ शिक्का असेल त्या तारखेपासून अंतिम टोल लागू करता येतो आणि जास्तीची वसुली परत करायला किंवा कमी पडलेली वसूल करायला सांगता येतं. म्हणून हरकत घेणाऱ्या शिपरने सर्वांत आधी करायची गोष्ट म्हणजे चालू टोल अंतरिम घोषित करा अशी मागणी. ती उशिरा केली तर मधल्या महिन्यांचे पैसे गेले.

दोन बाबी टिपणात घ्या. लहान पाइपलाइन कंपन्या दुसऱ्या गटात मोडतात, त्यांचा टोल तक्रार आल्यावरच तपासला जातो. तक्रार नसेल तर दाखल केलेला दर तसाच चालतो, म्हणून तिथे शिपरने स्वतः जागं राहावं लागतं. आणि २०१५ पासून लाइन कायमची बंद करण्याच्या खर्चासाठी प्रत्येक कंपनीला पैसे बाजूला ठेवावे लागतात. बहुतेक ठिकाणी ते टोलवरच्या वेगळ्या अधिभारातून येतात आणि विश्वस्त निधीत जातात. टोलच्या तक्त्यात ही ओळ वेगळी असते. दोन लाइनींचा टोल ताडून बघताना ती एकीकडे धरली आणि दुसरीकडे सोडली तर तुलना फसते. जड तेलाच्या अधिभाराचंही तसंच: दाट तेल ढकलायला वीज जास्त लागते, म्हणून त्याचा दर हलक्यापेक्षा वर असतो. तुमचा १०.८८ हा आकडा हलक्या तेलाचा आणि फक्त स्थिर भागाचा आहे. विजेसारखा बदलता भाग धरून कंपनीने मांडलेला टोल ११.४६ होता, तेव्हा तक्त्यात कोणता आकडा घेतला ते शीर्षकातच लिहा.